मुक्काम वारूळवाडी

दिवाळीच्या सुट्टीत ह्यांना महाबळेश्वर हवं होतं, मुलांना किल्ला आणि सासूबाईंना गणपती. खर्चाचा मेळ बसवायचा तो मी! म्हटलं, एका मोठ्या ठिकाणाऐवजी लहान लहान गावंच पाहू या. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीत माझी मावसबहीण राहते. मुक्काम तिच्याकडे ठेवला आणि गाडी काढली.

पहिल्या दिवशी जुन्नर. शिवनेरीवर १६३० साली शिवराय जन्मले, हे मी वर्गात कितीदा शिकवलंय. पण ती वास्तू समोर दिसली अन् माझाच घसा दाटून आला. सासूबाई मात्र बहिणीकडेच थांबल्या होत्या. तेव्हाच मला उमजायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या! डोलीत बसायला सासूबाई तयार होईनात. "तुम्ही जाऊन या, मी इथूनच हात जोडते," म्हणाल्या. अष्टविनायकांतला लेण्यात असलेला हा एकच गणपती. पण गिरिजात्मजापुढे उभी असताना माझा जीव खालीच होता.

संध्याकाळी ओझरला गेलो. विघ्नहराचं देऊळ कुकडीकाठी, सपाटीवर. तिथे त्या सगळ्यांच्या पुढे चालत होत्या!

मैत्रिणींनो, गावं निवडताना नकाशाआधी घरातल्या सर्वांत थकलेल्या पायांचा विचार करा. मुक्काम एकाच गावी, दिवसाला फार तर दोन ठिकाणं, आणि त्यातलं एक तरी बिनचढाचं.