वीस वर्षांचा शब्द, वर्षाची ऑर्डर

डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांच्या गोष्टी ऐकतच आमची पिढी प्राध्यापकीत शिरली. सोसायटी १८८४ची, फर्ग्युसन कॉलेज १८८५चं. वीस वर्षं इथंच शिकवीन आणि महिना ७५ रुपयांत भागवीन, असा शब्द देऊन माणसं येत. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे दिलेल्या शब्दाखातर परतले आणि १९०२मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

एवढा त्याग आमच्या वाट्याला आला नाही. सरकारी अनुदानामुळे पगार दरमहा हातात पडायचा. पण कॉलेज आपलं वाटायचं. आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक सहायक होते, सगळे त्यांना मामा म्हणत. प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी ते ब्युरेटा धुऊन स्टँडला उलट्या लावत. एकेकीची तोटी फिरवून बघत. गळकी निघाली की व्हॅसलीनचं बोट फिरवत. तोवर कॉलेज सुटून तास झालेला असे.

आता स्टाफरूममध्ये बसलं, की निम्मी मंडळी सीएचबीवरची, म्हणजे तासिका तत्त्वावरची. नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली. मानधन तासावर, तेही महिनोन्‌महिने रखडलेलं. मे महिना कोरडा. सकाळी एका कॉलेजात दोन तास घ्यायचे आणि डबा न उघडताच दुसऱ्या गावची एसटी गाठायची. नॅकचं मूल्यांकन जवळ आलं, की रात्री उशिरापर्यंत फायली लावायला हीच पोरं. ते तास कुठल्याच बिलात धरत नाहीत.

तरीही ‘आताच्यांना संस्थेबद्दल काही वाटतच नाही’ असं आमच्या वयाचे लोक बिनदिक्कत म्हणतात. १८९०मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले, त्या वादातही सदस्यांनी बाहेरची कामं करावीत का, हा मुद्दा होता. सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, हा टिळकांचा आग्रह. तो धरता येत होता, कारण संस्थेचा कारभार त्या सदस्यांच्याच हाती होता. पुढच्या जूनला वेळापत्रकात आपलं नाव असेल की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडे तोच आग्रह कोणत्या तोंडानं धरायचा?

मामांच्या निरोप समारंभात त्यांच्या निष्ठेवर आम्ही भरभरून बोललो. ते कायम नोकरीत होते, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही.