द्राक्षमळ्यातील एक दिवस

सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या आणि दिवाळीची सुटी आठ दिवसांवर आली, म्हणजे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे चित्त पुस्तकात राहत नाही, हे शिक्षकाचा पेशा पत्करलेल्या कोणासही सांगावयास नको. पाऊस सरलेला असतो, आकाश धुऊन काढल्यासारखे निर्मळ असते आणि सकाळच्या वाऱ्यात थंडीची पहिली चाहूल असते. अशा दिवसांत मुलांना चार भिंतींत कोंडून ठेवण्यापेक्षा एक दिवस शेतामळ्यांत हिंडवून आणावे, हा आपल्या शाळेचा जुना प्रघात आहे. त्यास अनुसरून गेल्या ऑक्टोबर महिन्यात इयत्ता नववीचे शेहेचाळीस विद्यार्थी व विद्यार्थिनी यांस बरोबर घेऊन निफाड तालुक्यातील एका द्राक्षमळ्यावर जाण्याचा योग आला. त्या दिवसाची हकीकत या अंकासाठी लिहावी असे तेव्हापासून मनात होते; परंतु लिहिण्यास धीर होत नव्हता. तो का होत नव्हता, हे पुढे ओघाने येईलच.

सकाळी सात वाजता आमची गाडी निघाली. नाशिक शहर मागे पडले आणि आग्रा रस्त्याने आडगाव, ओझर अशी गावे येऊ लागली. दोन्ही बाजूंस काढणीस आलेला मका, झेंडूचे पिवळे पट्टे आणि कांद्याच्या रोपांचे हिरवेगार वाफे दिसत होते. टोमॅटोने भरलेल्या गाड्या पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे चालल्या होत्या. मुलांची गाणी रंगली होती. प्रत्येकाच्या पिशवीत डब्याबरोबर एक रिकामी पिशवी घडी करून ठेवलेली आहे, हे माझ्या ध्यानात आले होते. ती कशासाठी हेही मी ओळखले होते. तथापि मी काही बोललो नाही.

मळ्यावर उतरताच अपेक्षेप्रमाणे सर्वांची निराशा झाली. तारांच्या आधाराने उभ्या असलेल्या वेलींवर फळ तर नव्हतेच, परंतु पुष्कळ ओळींत पानही नव्हते. नुसत्या तपकिरी काड्या! "सर, द्राक्षे कोठे आहेत?" असे एका मुलाने काकुळतीने विचारले, तेव्हा मळ्याचे मालक मनमुराद हसले. त्यांस सारा गाव 'नाना' म्हणतो. आम्हीही नानाच म्हणू लागलो. ते म्हणाले, "बाळांनो, द्राक्षे फेब्रुवारीत. तेव्हा सगळेच येतात. आमचे खरे काम बघायचे असेल, तर ते आजच दिसेल."

नानांनी जे समजावून दिले ते थोडक्यात असे. आपल्या महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते व पीक मात्र एकदाच घेतात. पहिली छाटणी एप्रिलच्या सुमारास. तिला खरड छाटणी म्हणतात. तीत वेल जवळजवळ बोडकी करतात आणि उन्हाळ्यात तिला नव्या काड्या फुटू देतात. दुसरी ऑक्टोबरातील; ती गोड्या बहाराची छाटणी. हिच्यानंतर फूट येते, फुलोरा येतो, मणी धरतात आणि सुमारे चार-साडेचार महिन्यांनी घड उतरविण्याजोगे होतात. सटाणा, कळवण या भागांतील काही बागायतदार ही छाटणी जुलै-ऑगस्टातच उरकून घेतात, म्हणजे त्यांचा माल इतरांच्या आधी बाजारात येतो. परंतु त्यात जोखीमही तेवढीच मोठी, कारण भर पावसात वेलीची कोवळी फूट सांभाळावी लागते.

"मग घड या छाटणीने तयार होतो ना?" असे एका विद्यार्थ्याने विचारले. नाना म्हणाले, "इथेच सगळे चुकतात. घड आता तयार होत नाही. तो उन्हाळ्यातच तयार झालेला असतो." त्यांनी एक काडी हाती घेतली आणि तिच्या पेऱ्यावरील बारीक फुगवटा दाखविला, यालाच डोळा म्हणतात. एप्रिलच्या छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, कडक उन्हाच्या दिवसांत, या डोळ्याच्या आत घडाचा सूक्ष्म अंकुर तयार होतो. तो उघड्या डोळ्यांस दिसत नाही. म्हणून ऑक्टोबरातील छाटणीपूर्वी काही काड्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत नेतात. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून पाहतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे हे सांगतात. त्यावरून कात्री कोठे चालवायची ते ठरते. त्या कालावधीत आभाळ सतत झाकोळलेले राहिले, सूर्यप्रकाश पुरेसा मिळाला नाही, तर डोळ्यात घडाऐवजी नुसता फुटवा राहतो. मग ऑक्टोबरात कितीही खत घातले, कितीही खर्च केला, तरी त्याचा काही उपयोग होत नाही.

हे सांगताना नानांना २०१९ साल आठवले. त्या वर्षी ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागला तरी पाऊस हटला नाही. छाटणी झालेल्या बागा फुलोऱ्यात होत्या. घड कुजले, गळून पडले आणि केवड्याने म्हणजे डाऊनी रोगाने पाने करपली. जिल्ह्यातील कित्येक बागायतदारांचे वर्षभराचे कष्ट पंधरवड्यात मातीमोल झाले. "त्या दिवाळीला आमच्या घरात दिवा लागला, पण कोणी कोणाशी बोलले नाही," एवढेच नाना म्हणाले. मुले गप्प झाली होती.

पलीकडे एका पिंपात निळ्या रंगाचे पाणी ढवळणे चालले होते. ते मोरचूद व चुना यांचे मिश्रण होते. त्यास बोर्डो मिश्रण म्हणतात. येथे मलाही शिक्षकी करण्याची संधी मिळाली. फ्रान्स देशातील बोर्दो प्रांतात रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे वाटसरू तोडून नेत. त्यांस भय वाटावे म्हणून तेथील शेतकरी या वेलींवर मोरचूद व चुन्याचे निळे पाणी शिंपडीत. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिले, की आसपासच्या सर्व वेली केवड्याने झडल्या असताना या निळ्या वेलींची पाने मात्र शाबूत आहेत. पुढे प्रयोग करून १८८५ साली त्याने हे औषध जगापुढे ठेवले. चोरांसाठी योजलेला उपाय रोगावर लागू पडला, हे ऐकून मुलांस मोठी मौज वाटली.

मला मात्र त्या निळ्या पाण्याकडे फार वेळ पाहवेना.

छाटणीचे काम बाहेरून आलेली टोळी करीत होती. पेठ, सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांतून दरवर्षी अशा टोळ्या द्राक्षपट्ट्यात उतरतात. पुरुष कात्रीने काड्या छाटीत पुढे सरकत होते. त्यांच्या मागून बाया हातांत रबरी मोजे घालून, फूट एकसारखी यावी म्हणून ठरावीक डोळ्यांना औषध लावीत होत्या. याला मळ्यात 'पेस्ट लावणे' म्हणतात. त्यांचे हात इतक्या झपाट्याने व अचूक चालत होते, की आमच्यापैकी कोणास एका काडीचे डोळे मोजून होण्यापूर्वी त्यांच्या दोन वेली पुऱ्या होत. आम्ही ओळीच्या टोकाशी उभे असताना त्यांतील एक वयस्क बाई थबकली. आमच्या घोळक्याकडे निरखून पाहत ती मोठ्याने म्हणाली, "अगं पोरी, तू आमच्या पाड्यावरची ना गं?"

तिचे बोलणे जिला उद्देशून होते ती मुलगी वसतिगृहात राहते. वर्गात हुशार म्हणून गणली जाते. तिने ते ऐकले, हे मला स्पष्ट दिसले. परंतु ती दुसरीकडे पाहू लागली आणि हळूच मैत्रिणींच्या मागे जाऊन उभी राहिली. बाई क्षणभर थांबली, मग खाली मान घालून कामास लागली. (ही हकीकत त्या विद्यार्थिनीची संमती घेऊनच येथे लिहीत आहे.)

विद्यार्थिमित्रहो, अशा प्रसंगी शिक्षकाने काहीतरी बोध करावा अशी अपेक्षा असते. मला तो करता आला नाही, कारण नेमके हेच मी तिच्याहून लहान असताना केले होते, आणि तेही माझ्या सख्ख्या आईशी.

माझी आई याच तालुक्यात वीस वर्षे रोजाने द्राक्षाच्या कामावर जात असे. छाटणीनंतर काड्या वेचणे, फूट काढणे, मणी विरळणे, घड औषधात बुडविणे, ही सारी कामे तिने केली. मी सातवीत असताना वसतिगृहात होतो. नोव्हेंबरातील एका संध्याकाळी ती कामावरून परस्पर मला भेटावयास आली. तिच्या लुगड्यावर मोरचुदाचे निळे ठिपके पडलेले होते. फाटकाशी उभी राहून तिने मला हाक मारली. बरोबरच्या मुलांनी विचारले, "कोण रे ती?" मी म्हणालो, "आमच्या गावची एक बाई आहे." हे शब्द तिच्या कानांवर गेले. ती पुढे आली नाही. पदरात बांधून आणलेल्या भाजलेल्या शेंगा तिने रखवालदाराजवळ दिल्या आणि ती परत फिरली. पुढे मी पदवीधर झालो, शिक्षक झालो. परंतु त्या संध्याकाळविषयी मी कोणाजवळ कधी बोललो नव्हतो.

दुपारी चिंचेच्या सावलीत डबे उघडले, तेव्हा ही गोष्ट मी सर्व वर्गास सांगितली. त्या मुलीकडे पाहिले नाही, तिचा उल्लेखही केला नाही. सांगून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने पाहतो तो ती मुलगी आपला डबा घेऊन उठली आणि टोळीतील बाया भाकरी खात बसल्या होत्या तिकडे गेली. दोघी-तिघी मैत्रिणीही तिच्या मागोमाग गेल्या. परत आल्यावर तिने मला सांगितले, की ती बाई तिच्या आईच्या शेजारची. आईदेखील दुसऱ्या एका मळ्यावर याच कामास आली आहे आणि खुशाल आहे. दुपारी टोळी पुन्हा कामास लागली, तेव्हा त्या मुलीने वर्गाला कोणता डोळा ठेवायचा, कोणता नाही, हे बाईकडून विचारून घेऊन समजावून सांगितले. माझ्यापेक्षा तिने ते चांगले सांगितले.

संध्याकाळी घरी परतलो. आई हल्ली माझ्याजवळच असते. दृष्टी मंद झाली आहे. कोठे गेलो होतो ते सांगताच तिने पहिला प्रश्न केला, "किती डोळ्यांवर छाटत होते?" मी सांगितले. ती म्हणाली, "ठीक. आता पाऊस नको यायला." मग मोठा धीर करून मी फाटकापाशी घडलेली ती गोष्ट काढली आणि क्षमा मागितली. ती काही वेळ आठवीत राहिली. शेवटी म्हणाली, "पण शेंगा मिळाल्या होत्या ना तुला?"

मिळाल्या होत्या. मी त्या कोणास न देता एकट्याने खाल्ल्या होत्या.

शाळेच्या प्रवेशपत्रिकेत पालकांचा व्यवसाय लिहिण्याचा एक रकाना असतो. माझ्या प्रवेशपत्रिकेत मी 'शेती' असे लिहिले होते. आमच्या मालकीची वीतभरही जमीन नव्हती. आज त्या पत्रिका तपासण्याचे काम मजकडे आहे आणि तसाच 'शेती' हा शब्द लिहिताना अडखळलेली, खोडलेली अक्षरे मला पुष्कळदा आढळतात. त्या मुलांस व त्यांच्या पालकांस माझी नम्र विनंती आहे, की तेथे 'मजुरी' हा शब्द स्वच्छ, ठसठशीत अक्षरांत लिहावा. त्यात खाली मान घालण्यासारखे काही नाही. फेब्रुवारीत गावोगावच्या बाजारांत जी द्राक्षे मांडलेली दिसतात, ती या शब्दाखाली राबणाऱ्या हातांवाचून तेथवर येत नाहीत.

नानांनी आम्हांस फळ उतरविण्याच्या वेळी पुन्हा येण्याचे आमंत्रण दिले आहे. तेव्हा रिकाम्या पिशव्या अवश्य बरोबर घ्याव्यात.