लिस्बनची खाऊफेरी

दोस्तांनो, आजवर तुम्ही किती वडापाव खाल्ले असतील? मोजता येणार नाहीत, होय ना? मग एक सोपा प्रश्न विचारते. 'वडा' हा शब्द आपला. पण त्याच्या पोटातला 'बटाटा' आणि त्याला कुशीत घेणारा 'पाव' हे शब्द कुठले?

दोन्ही पोर्तुगीज! बटाट्याला पोर्तुगीजमध्ये 'बटाटा'च म्हणतात आणि पावाला म्हणतात 'पांव'. काजू, अननस, पपई, कोबी, चावी, पगार हे शब्दही त्याच गलबतांतून आपल्याकडे उतरले. इतकंच काय, आपला लाडका 'हापूस'ही 'आफोन्सो' या पोर्तुगीज नावावरूनच आला. ही गलबतं ज्या शहरातून निघायची, त्या लिस्बनला आज आपण जाणार आहोत. आणि तेही कसं? चालत चालत आणि खात खात!

युरोपच्या नकाशात अगदी पश्चिमेच्या टोकाला पोर्तुगाल सापडेल. तिथे तेजो नदी अटलांटिक महासागराला मिळते. त्या मुखाजवळच्या टेकड्यांवर लिस्बन वसलं आहे. तिथे आता 'खाऊफेऱ्या' निघतात. दहा-बारा जणांचा गट, पुढे गावाची माहिती असलेला एक गाइड आणि तीन-चार तासांची पायपीट. वाटेत पाच-सहा दुकानं किंवा खाणावळी लागतात. प्रत्येक ठिकाणी पोटभर जेवण नाही, फक्त चव घ्यायची. मोठ्यांना वाइनचा छोटा पेला आणि मुलांना फळांचा रस. पोर्तुगालमध्ये १८ वर्षांखालच्या कुणालाही दारू देत नाहीत, बरं का! तुमच्या वाट्याला येतात त्या वाइनच्या गोष्टी, आणि खरं सांगू का, त्या पेल्यापेक्षाही चविष्ट असतात.

चला तर मग! पोट रिकामं ठेवा आणि बूट चांगले घट्ट बांधा. इथल्या पायवाटा काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांच्या नक्षीने सजवलेल्या आहेत. दिसतात सुंदर, पण पाऊस पडला की घसरगुंडीच!

सुरुवात नदीकाठच्या मोठ्या चौकापासून. इथे पूर्वी राजवाडा होता. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरीनचं, लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाशी ठरलं आणि हुंड्यात काय काय द्यायचं त्याचा करार झाला. त्या यादीत एक बेट होतं. कुठलं? आपली मुंबई!

तो राजवाडा आज दिसत नाही. १ नोव्हेंबर १७५५ चा दिवस. सणाची सकाळ होती. चर्चमध्ये गर्दी होती, जागोजागी मेणबत्त्या पेटल्या होत्या. साडेनऊच्या सुमाराला जमीन हादरली. घरं कोसळली. जीव वाचवायला लोक नदीकाठी धावले, तर थोड्या वेळाने समुद्राच्या अजस्र लाटा आत घुसल्या. उरलंसुरलं आगीने गिळलं. ती आग कितीतरी दिवस धुमसत होती. हजारो माणसं गेली. कार्मो नावाच्या मठाचं छप्पर तेव्हा कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही. त्याच्या उघड्या कमानी आजही आभाळाकडे बघत उभ्या आहेत.

मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ज्याला ओळखतात, त्या मंत्र्याने शहराचा मध्यभाग नव्याने बांधून घेतला. सरळ, रुंद रस्ते आखले. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरे बसवले, म्हणजे जमीन हलली तरी घर डोलेल, पण पडणार नाही. बांधणी पक्की आहे का, हे बघायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली, असं सांगतात. तुम्ही आता चालताय ते त्याच रस्त्यांवरून.

पहिला थांबा एका जुन्या किराणा दुकानात. शी, कसला हा वास? अहो, नाक काय मुरडताय! कोकणातल्या मुलांना हा वास ओळखीचा वाटेल. खारवून वाळवलेला मासा आहे हा. लाकडी फळ्यांसारखे कडक तुकडे रचून ठेवलेत. याचं नाव 'बाकाल्याउ', म्हणजे कॉड मासा. गंमत अशी, की पोर्तुगालचा हा आवडता मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही! तो राहतो उत्तरेच्या थंडगार पाण्यात, नॉर्वेकडे नाही तर कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ. तिथून आणायचा तर तो टिकायला हवा, म्हणून मीठ लावून वाळवायचा. विसाव्या शतकातही पोर्तुगीज कोळी शिडाच्या पांढऱ्या जहाजांतून तिथे जात. जहाजातून छोट्या होड्या पाण्यात सोडत आणि एका होडीत एकच माणूस! धुक्यात जहाज दिसेनासं झालं की संपलंच. कितीतरी जण परत आले नाहीत. आता हा तुकडा घरी नेऊन एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा, मग शिजवायचा. घरातली बाई किंवा बुवा शिजवताना घाई करत नाही, ते उगाच नाही.

पुढे या. हा रॉसिओ चौक आणि त्याला लागूनच सांव दोमिंगुश चर्चसमोरचं छोटं पटांगण. कोपऱ्यात खिडकीएवढं एक दुकान आहे. १८४० पासून तिथे आंबट चेरीची दारू इवल्याशा पेल्यातून विकतात. मोठी मंडळी तिथे थांबतील. तुम्ही चार पावलं पुढे या. जमिनीवर एक दगडी स्मारक आहे, त्यावर सहा टोकांचा तारा कोरलाय. ज्यू लोकांची ही खूण.

१४९७ मध्ये पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाने देशातल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं. वास्को द गामा हिंदुस्थानच्या शोधात लिस्बनहून निघाला तेही याच वर्षी! नऊ वर्षांनी, १५०६ च्या एप्रिलमध्ये, शहरात दुष्काळ आणि साथ होती. लोक चिडलेले, घाबरलेले होते. या चर्चमध्ये भांडणाची ठिणगी पडली आणि जमावाने या 'नव्या ख्रिस्ती' माणसांना शोधून शोधून मारलं. तीन दिवस हे चाललं होतं. हे स्मारक बसवलं २००८ मध्ये. पाचशे वर्षं उलटून गेल्यावर!

आता गाइड तुमच्या बशीत एक तळलेलं सॉसेज वाढेल. नाव 'आल्येइरा'. सॉसेज म्हणजे आतड्याच्या नळीत मसालेदार मांस भरून धुरावर वाळवलेलं. ते बहुधा डुकराच्या मांसाचं असतं, आणि ज्यूंना डुक्कर वर्ज्य. शेजारीपाजारी डोकावून बघायचे, यांच्या घरी सॉसेजं टांगलेली आहेत का? नसतील तर ही माणसं चोरून जुना धर्म पाळतात! मग धर्मन्यायालयाचं बोलावणं. त्यावर या माणसांनी शक्कल लढवली. कोंबडी, पाव आणि लसूण भरून हुबेहूब तशीच सॉसेजं केली आणि चारचौघांना दिसतील अशी टांगली. अशी ही आल्येइराची गोष्ट पोर्तुगालमध्ये सांगतात. हे धर्मन्यायालय रॉसिओ चौकातच भरायचं, आज तिथे नाट्यगृह आहे. त्याचीच एक शाखा १५६० मध्ये गोव्यात सुरू झाली आणि अधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चालली. गोव्याच्या माणसांनी तिथे काय काय सोसलं, ते मोठेपणी जरूर वाचा. दुसऱ्याच्या ताटात डोकावून त्याची परीक्षा घेणं किती भयंकर होऊ शकतं, ते या बशीतल्या एका तुकड्यावरून कळतं.

थोडं गोड खाऊया? हे घ्या 'पश्तेल द नाता'. पापडासारखी कुरकुरीत वाटी आणि आत अंड्याचं पिवळंधमक कस्टर्ड. इतका पिवळा बलक आला कुठून? मठांमध्ये कपड्यांना खळ करायला अंड्यातला पांढरा भाग वापरायचे. वाइन निवळायलाही तोच लागायचा. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो ना, तसंच. पांढरा भाग वाइनमधल्या गाळाला चिकटतो आणि त्याला घेऊन तळाशी बसतो. मग उरलेल्या पिवळ्याचं काय करायचं? त्याचे हे गोड पदार्थ! १८३४ मध्ये सरकारने मठ बंद केले. पण मठातली ही कृती बाहेर पडली आणि १८३७ पासून बेलें भागातल्या एका दुकानात ही वाटी विकली जाते आहे.

आता वाइनचं दुकान. मोठ्यांना पेल्यांत डोकावू द्या, आपण बाटलीचं बूच हातात घेऊया. हे बूच म्हणजे एका ओक झाडाची साल. जगातलं निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड पंचवीस वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल काढतात. झाड मरत नाही, नवी साल धरतं. मग नऊ वर्षं त्याला हात लावायचा नाही. साल काढल्याचं वर्ष लक्षात राहावं म्हणून खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात. पहिल्या दोन वेळची साल बाटलीच्या बुचाला चालत नाही. म्हणजे हिशेब करा बघू, झाड लावल्यापासून पहिलं चांगलं बूच मिळायला किती वर्षं लागली? २५ अधिक ९ अधिक ९, एकूण ४३! लावायचं आजोबांनी आणि बूच काढायचं नातवाने.

दुसरी गोष्ट द्राक्षांची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून एक टीचभरही नसलेला किडा युरोपात पोहोचला. नाव फायलोक्सेरा. तो वेलींची मुळं खातो. १८६० नंतर त्याने युरोपातले मळेच्या मळे ओसाड केले. शेवटी तोड निघाली ती अशी : मूळ अमेरिकन वेलीचं, कारण त्याला हा किडा मारू शकत नाही, आणि वर कलम युरोपातल्या द्राक्षाचं. नाशिक-सांगलीकडची मुलं म्हणतील, कलम आम्हाला माहीत आहे! बरोबर, आपल्याकडेही 'डॉगरिज' या अमेरिकन खुंटावर द्राक्षाचं कलम करतात. आपल्याकडे कारण वेगळं, कमी पाणी आणि खारट जमीन. पण लिस्बनजवळ समुद्रकाठी कोलारिश नावाचं गाव आहे. तिथले वेल वाळूत लावलेले. वाळूत हा किडा जगत नाही. त्यामुळे तिथले वेल स्वतःच्या मुळांवर टिकून राहिले! किड्याने हरवलं नाही त्यांना, पण समुद्रकाठच्या जमिनीवर घरं बांधायला लोक आले आणि मळे आक्रसत गेले. आज थोडेच उरलेत.

मुराऱ्या वस्तीत शिरलो की एकदम घरचा वास येतो. मसाल्याची दुकानं! आणि काचेच्या कपाटात चक्क सामोसे. इथे त्याला 'शामूसा' म्हणतात. गोव्याची माणसं आधी आफ्रिकेत मोझांबिकला गेली, १९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाल्यावर पुष्कळ जण लिस्बनला आली. त्यांच्याबरोबर सामोसाही आला. असा खाऊ दोन्ही दिशांनी फिरतो. इथून गोव्याला गेलं ते 'विन्या द आल्युश', म्हणजे वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस. गोव्यात द्राक्षाची वाइन कुठली? मग माडाच्या ताडीचा शिरका घातला, भरपूर मिरची घातली आणि झालं 'विंदालू'! त्यात बटाट्याचा, म्हणजे आलूचा, काही संबंध नाही हं. मिरचीसुद्धा मूळ अमेरिकेची, पोर्तुगीजांनीच आपल्याकडे आणलेली. आले होते मिरी न्यायला आणि मिरची देऊन गेले!

शेवटचा टप्पा आल्फामा. भूकंपातून बऱ्यापैकी वाचलेली ही जुनी वस्ती. अरुंद बोळ, पायऱ्या, दोरीवर वाळणारे कपडे. जूनमध्ये संत आंतोनीच्या सणाला दारोदार शेगड्या पेटतात आणि तारली भाजतात.

पण इथे गाइडचा आवाज जरा खाली येतो. पर्यटक वाढले, तशी घरं त्यांना थोड्या थोड्या दिवसांसाठी भाड्याने देणं फायद्याचं ठरलं. भाडी वाढली. तारली भाजणाऱ्या आज्यांना घर सोडावं लागलं. कोपऱ्यावरच्या खाणावळी बंद होऊन तिथे आठवणीच्या वस्तूंची दुकानं आली. २०१५ पासून नगरपालिकेने जुन्या दुकानांना जपण्यासाठी योजना सुरू केली. २०१८ मध्ये आल्फामासारख्या वस्त्यांत पर्यटकांच्या नव्या घरांची नोंदणीही थांबवली. मग खाऊफेरी चांगली की वाईट? जुन्या खाणावळीत गिऱ्हाईक नेणारी फेरी तिला जगवते. पण रोज पन्नास गट त्याच बोळात शिरले, तर तिथे राहणाऱ्याने जायचं कुठे? म्हणून चांगला गाइड गट छोटा ठेवतो, दारासमोर मोठ्याने बोलत नाही आणि न विचारता कुणाच्या आजीचा फोटो काढू देत नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. सुट्टीत आपल्या गावाची खाऊफेरी आखा. पाच थांबे निवडा. भडभुंज्याची भट्टी असेल, रसवंती असेल, एखादी बेकरी, नाही तर मंगळवारच्या बाजारात शेव-चिवडा विकणाऱ्या मावशी असतील. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा : हा पदार्थ तुम्हाला कुणी शिकवला? यातली कुठली वस्तू बाहेरगावाहून येते? आणि तुमच्यानंतर हे कोण करणार? उत्तरं वहीत लिहा. तिसरा प्रश्न मात्र जरा हळूच विचारा हं. त्याचं उत्तर द्यायला कुणाकुणाला वेळ लागेल.