डॉल्फिन बघायला निघालात? मग एवढं कराच!

मैत्रिणींनो, सुटीत मालवणला जायचं ठरलं की सिंधुदुर्ग किल्ला, सोलकढी आणि खाजं यांच्या जोडीला आता आणखी एक गोष्ट यादीत येतेच. ती म्हणजे डॉल्फिन! देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून सकाळी होड्या सुटतात. आम्हीही मुलांना लाइफ जॅकेटं चढवून निघालो.

थोड्याच वेळात समोर एक राखाडी पाठ वर आली, तिच्यावर कुबडासारखा उंचवटा. अन् शेजारी चक्क एक पिल्लू! होडीत एकच गलका झाला. मीही ओरडले, "अहो, जरा जवळ घ्या ना!" तेवढ्यात आणखी तीन होड्या धडधडत आल्या. मायलेकरं बुडाली ती पुन्हा दिसलीच नाहीत.

होडीवाला म्हणाला, "वहिनी, जवळ गेलाव तर ते बुडतले. लांब र्‍हवलाव तर लोक म्हणतत, पैसे फुकट गेले."

मी मनातून ओशाळले. डॉल्फिन म्हणजे काही मासा नव्हे. तो हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. मादी दहा-बारा महिने गर्भ वाढवते, एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ते काही वर्षं आईला सोडत नाही. बाळाला पाजायला घेतलंय अन् खोलीत चार पाहुणे धडकले, तर आपल्याला कसं होईल? शिवाय डॉल्फिन भक्ष्य शोधतात ते आवाजावर. इंजिनाच्या गोंगाटात तेही अवघडच.

हे डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात. म्हणजे होड्या, जाळी आणि आपला कचरा, सगळं त्यांच्या दारातच! १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्यांना संरक्षण आहे. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून अभयारण्यही आहे. पण होडीत कायदा कुठे बरोबर असतो? तिथे आपलाच शब्द कामी येतो.

म्हणून होडी ठरवतानाच सांगा: पाठलाग नको. डॉल्फिन दिसले की लांबूनच वेग कमी करा. त्यांना आडवं जाऊ नका, आई-पिल्लाच्या मधे होडी घालू नका. आधीच होड्या असतील तर थांबा. थोडा वेळ पाहून मागे फिरा. मुलांना खाऊ टाकू देऊ नका, रिकाम्या पिशव्या आपल्याच पिशवीत ठेवा. आणि मुख्य म्हणजे, डॉल्फिन नाही दिसले तरी ठरलेले पैसे हसतमुखानं द्या. नाहीतर बिचारा होडीवाला पाठलाग करणारच!

दुसऱ्या दिवशी त्याच होडीनं गेलो आणि लांबच थांबलो. पाठी तीनदा वर आल्या. त्या शांततेत 'फूस्स' असा त्यांचा श्वास ऐकू आला. धाकटी कुजबुजली, "आई, ते श्वास घेतायत!"

आदल्या दिवशी आमच्याच आरड्याओरड्यात तो ऐकायचा राहून गेला होता.