अ‍ॅव्हरेजचं गणित
सेकंडहँड गाडी बदलायची म्हटलं, की ऑफिसात जो तो विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज किती?’ माझी जुनी लिटरला १२ देते. महिन्याचं रनिंग १,००० किलोमीटर, म्हणजे ८३ लिटर पेट्रोल. २० देणारी घेतली तर ५० लिटर. थेट ३३ लिटरची बचत! २५ देणारीला ४० लागतील. म्हणजे आणखी फक्त १० लिटर वाचणार आणि त्यासाठी ८० हजार जास्त मोजायचे. पेट्रोल १०० रुपये धरलं, तरी वसुलीला ८० महिने! इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग दोघींनाही लागणारच. मी वीसवालीच पक्की केली. ते ८० हजार आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला टाकलेत. ती गाडीत आरामात चढली-उतरली, की सगळे पैसे वसूल!