आधी साखर, मग विचारपूस

मधुमेहात एक प्रसंग असा येतो की तिथे माझ्यासारख्या मधुमेहतज्ज्ञाचा तत्काळ उपयोग फारसा नसतो. रक्तातली साखर एकदम खाली येते, उपचार काही मिनिटांत व्हावा लागतो, आणि त्या वेळी जवळ असतो तो लाइनवरचा सहकारी, रूममधला जोडीदार किंवा टपरीवर चहाला सोबत आलेला मित्र. तीव्र हायपोग्लायसेमियाची वैद्यकीय व्याख्या साखरेच्या आकड्यावर बेतलेली नाही. ज्यातून सावरायला दुसऱ्या माणसाची मदत लागते, ती तीव्र. आजाराच्या व्याख्येतच शेजारचा माणूस आहे असा दुसरा आजार मला पटकन आठवत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की हा प्रसंग ओळखणं आणि पहिला उपचार करणं हे शेजारच्या माणसाचं काम आहे. त्याने ते परवानगीची, तपासणीची किंवा डॉक्टरच्या फोनची वाट न पाहता करावं. आणि त्यासाठी लागणारं शिक्षण दवाखान्यात येणाऱ्या रुग्णापुरतं ठेवून चालणार नाही.

रुग्णाला शिकवलं की पुरे, असं वाटणं साहजिक आहे. पण मेंदू कसा चालतो ते पाहिलं की ही अपेक्षा टिकत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, मात्र विसाव्याच्या वेळी शरीराच्या एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो, तीही जवळजवळ सगळी ग्लुकोजमधून. त्याच्याजवळ शिल्लक साठा नगण्य. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागली की शरीर धोक्याची सूचना देतं : हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो, कडकडून भूक लागते. ५४च्या खाली मेंदूचंच काम बिघडू लागतं. माणूस तोच बोल्ट दोनदा आवळतो, हातातला पार्ट भलत्याच ट्रेमध्ये टाकतो, विचारलं एक तर सांगतो दुसरंच. कॉलर आणि पाठ घामाने चिंब, हात गार पडलेले. ‘काय होतंय?’ म्हटलं तर ‘काही नाही’ म्हणतो, आग्रह धरला तर अंगावर येतो. त्याचा हा नकार प्रमाण मानता येत नाही, कारण निर्णय घेणारा अवयवच उपाशी असतो. शिवाय साखर वारंवार उतरत असेल तर ही पूर्वसूचना येणंच बंद होतं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असली तर धडधड आणि कापरं दबून जातं, घाम तेवढा उरतो. पाहणाऱ्यांना वाटतं, हा प्यायलाय. खरोखरच प्यायला असेल तर धोका आणखी वाढतो, कारण दारू निपटण्यात गुंतलेलं यकृत नवी साखर तयार करणं आवरतं घेतं.

आमच्या बजाजनगरात हे सगळं अधिक जवळचं आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, भोवती औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि कामगारांची ही वस्ती उभी राहिली. तेव्हा विशी-पंचविशीत नोकरीला लागलेली पिढी आता साठीच्या घरात आहे. देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचं आयसीएमआर-इंडियाब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने सांगितलं. यातल्या बहुतेकांना इन्शुलिन चालू नसतं, त्यामुळे ‘आपल्याला फक्त गोळी आहे, आपली साखर कशाला उतरेल’ असा भरवसा वाटतो. हा भरवसा फसवा आहे. एकटी मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा धोकादायक उतरत नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडचं तसं नाही. ही औषधं स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मग पोटात घास असो वा नसो. पहिल्या पाळीच्या गडबडीत गोळी घेतली आणि नाष्टा राहिला, ओव्हरटाइम लागला आणि डबा दोन तास पुढे गेला, की तीच गोळी उलटते. अंगमेहनतीच्या दिवशी स्नायू कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात, म्हणून दुसरी पाळी करून झोपलेल्या माणसाची साखर मध्यरात्रीनंतरही उतरू शकते. आषाढीला इथल्या छोट्या पंढरपूरच्या वाटेवर पायी निघालेल्या दिंड्यांमध्ये उपवास, चालणं आणि नेहमीची गोळी हे तिन्ही एकत्र येतात. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारायलाच हवं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : त्याची साखर वाढलेली असेल आणि आपण आणखी साखर दिली तर? मधुमेह्याला साखर द्यायला मित्राचा हात आखडतो तो याच भीतीने. दोन्ही चुका शेजारी ठेवून पाहू. १५ ग्रॅम ग्लुकोजने मोठ्या माणसाची साखर ढोबळमानाने ४०-५०ने वाढते. ज्याची साखर ४५० आहे त्याची ५०० झाली तर त्या तासात फारसं काही बदलत नाही, त्याला तसंही दवाखान्यातच न्यायचं आहे. ज्याची ४० आहे त्याची ८५ झाली तर तो शुद्धीवर राहतो. साखर न देण्याची चूक मात्र झटके, बेशुद्धी आणि क्वचित मेंदूच्या कायमच्या इजेपर्यंत जाते. शिवाय साखर वाढून माणूस अत्यवस्थ व्हायला बरेच तास, बहुधा दिवस लागतात. आधी तहान, सारखी लघवी, ओकाऱ्या, धाप असा क्रम असतो. तासाभरापूर्वी धडधाकट असलेला माणूस घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागला तर ती साखर उतरल्याचीच शक्यता धरून चालावं. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर जरूर बोट टोचा, मिनिटभराचं काम आहे. मशीन घरी आणि माणूस कंपनीत असेल तर मशीन आणायला कोणाला पाठवत बसू नये. १९२२ मध्ये टोरंटोत इन्शुलिन माणसांना देऊ लागले, आणि त्याच वर्षी तिथल्या डॉक्टरांनी साखर उतरल्याची ही लक्षणं नोंदवली. साखर दिली की माणूस सावरतो, हेही तेव्हापासून माहीत आहे.

काय द्यायचं, हे मात्र नेमकं ठाऊक हवं. साधी ग्लुकोज पावडर, चहाचे तीन-चार चमचे, थोड्या पाण्यात. ती नसेल तर तेवढीच साखर, किंवा अर्धा ग्लास साधं गोड शीतपेय, डाएट नको. चहावर विसंबू नका. तो गरम असल्याने भराभर पिता येत नाही, आणि मधुमेह्याला बिनसाखरेचा देण्याची सवय हाताला इतकी लागलेली असते की नेमका तोच कप पुढे येतो. दिवाळीत बेसनाचा लाडू, पेढा किंवा चॉकलेट समोर दिसेल. पण त्यातलं तूप आणि चरबी साखरेला पोटातून पुढे सरकायला उशीर लावते, आणि इथे उशीर परवडत नाही. अनेकांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज मिसळलेलं असतं. ही औषधं साध्या साखरेचं पचनच लांबवतात, म्हणून अशा माणसाला ग्लुकोजच लागतं. खिशात पुडी ठेवायची तर ग्लुकोजची ठेवा, असं मी म्हणतो ते यामुळे. १५ मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच द्यावं. सावरला की पोळी, भाकरी, बिस्किटं असं काहीतरी खायला घालावं आणि लगेच गाडीची किल्ली हातात देऊ नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. वय झालेलं असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर हा धोका अधिक. त्यामुळे बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

‘आधी साखर’ हा नियम एका ठिकाणी थांबतो. माणूस बेशुद्ध असेल, फिट आलेली असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवावं, १०८ला फोन करावा आणि ‘मधुमेह आहे, साखर उतरली असावी’ हे शब्द स्पष्ट सांगावेत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मिनिटं घालवू नयेत. खिशात इन्शुलिनचं पेन सापडलं म्हणून ते टोचू तर अजिबात नये, त्याने साखर आणखी खाली जाईल. ‘थेट घाटी रुग्णालयात नेऊ’ हा विचार बेशुद्ध माणसासाठी योग्य आहे. शुद्धीत असलेल्याला मात्र आधी ग्लुकोज पाजावं आणि मग गाडीत बसवावं. पाळी सुटण्याच्या वेळी नगर नाक्यापर्यंतच किती वेळ जातो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. कंत्राटी कामगार म्हणतो, ‘शुगर आहे हे कळलं तर मला कामावरून काढतील.’ ही भीती निराधार आहे असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण सगळ्या कंपनीला सांगण्याची गरजही नाही. शेजारी काम करणारा एक आणि रूमवर राहणारा एक, एवढ्या दोघांना माहीत असणं पुरेसं आहे. खिशात ग्लुकोज कुठे आहे आणि आपण वेडंवाकडं वागू लागलो तर काय करायचं, एवढंच त्यांना सांगायचं. उरलेली जबाबदारी कारखान्यांची आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी ठरवून दिली. त्या पेटीत ग्लुकोजचा पुडा आणि एक ग्लुकोमीटर ठेवायला कोणी मनाई केलेली नाही. सुपरवायझरला अर्ध्या तासात हे शिकवता येतं, आणि त्याला हे येत असेल तर मधुमेही कामगार कारखान्याला ओझं वाटण्याचं कारणही कमी होतं. आपल्याच शहरात ‘उडान’ ही संस्था टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांसाठी काम करते. शाळकरी मुलाच्या बाबतीत शिक्षकाला आणि बाकावरच्या मित्राला हे माहीत असायला हवं, हे पालकांना सहज पटतं. पन्नाशीच्या कामगाराच्या बाबतीतही ते तितकंच खरं आहे.

या दिवाळीत फराळाला ओळखीचे लोक घरी येतील, त्यात मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणारं कोणी ना कोणी असेलच. पथ्यावरून टोकण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचारून ठेवा : औषधाचं नाव काय, आणि ग्लुकोज कोणत्या खिशात असतं.