हळदीतला ट्रम्पेट

१/ मुंबईच्या जॅझवर मी पूर्वी इथे एक मालिका लिहिली होती आणि 'रंगभवन शांत झाले, मुंबईचा जॅझ संपला' अशा वाक्याने ती संपवली होती. ते वाक्य आज मागे घेतो आहे. त्याला कारण घडले ते मुंबईत नव्हे. खांदेश्वर स्थानकाजवळच्या एका आगरी गावात, हळदीच्या रात्री.

२/ बेंजो पार्टी रंगात आली होती. पुढे बेंजो आणि कीबोर्ड, बाजूला ऑक्टोपॅड आणि ढोल, मागे पन्नाशीतला एक ट्रम्पेटवादक. कोळीगीते झाली आणि मध्येच 'अलबेला'तली एक जुनी धून निघाली. पहिल्यांदा त्याने मुखडा सरळ वाजवला. दुसऱ्यांदा एक सूर लांबवला. तिसऱ्यांदा तो धून सोडून भलतीकडेच गेला आणि ठेका न चुकवता नेमका समेवर परतला. नाचणाऱ्यांचे लक्ष नव्हते. मी मात्र जागच्या जागी थांबलो.

३/ का थांबलो, ते समजण्यासाठी १९३५ सालात जावे लागेल. त्या वर्षी लिऑन अ‍ॅबी हा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. मायदेशी वर्णभेद सोसणारे हे कलावंत इथे गोरे अधिकारी आणि संस्थानिकांना नाचवत होते. वेदरफोर्ड पुन्हा अमेरिकेत स्थायिक झालाच नाही. १९४५ साली तो कलकत्त्यात वारला.

४/ त्यांचे सूर ज्यांनी आत्मसात केले ते बहुतांशी गोमंतकीय होते. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. कागदावरचे संगीत वाचता येणारी ही मुले पोटासाठी मुंबईला आली. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ त्यांपैकीच. 'चिक चॉकलेट' या नावाने ते गाजले. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

५/ स्वातंत्र्यानंतर हॉटेलांतले दिवस पालटू लागले. जुना श्रोतृवर्ग पांगला आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर रात्रीच्या मैफलींचा आर्थिक आधार डळमळला. चित्रपटांचे स्टुडिओ मात्र वाढत होते. तिथे धून सुचणारे संगीतकार पुष्कळ होते. ती धून वीस-तीस वाद्यांसाठी कागदावर उतरवू शकणारे थोडे. ही उणीव गोमंतकीय वादकांनी भरून काढली. दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल, असा अनेकांचा दिनक्रम झाला.

६/ इथे एक मराठी माणूस भेटतो. पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतलेल्या या संगीतकाराला पाश्चात्त्य नृत्यसंगीताचे वावडे नव्हते. १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट त्यांच्या साथीला होते, आणि आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसले. नायक कोण, तर मा. भगवान, गिरणगावात वाढलेला आपला भगवानदादा. ताजच्या दारात ज्यांना कोणी उभे केले नसते, त्यांच्यापर्यंत ट्रम्पेट पोहोचला तो असा.

७/ ट्रम्पेट पोहोचला, पण वाजवणाऱ्यांची नावे पोहोचली नाहीत. तबकडीवर संगीतकार, गायक आणि गीतकार असत. वाद्यमेळ रचणारा आणि वाजवणारे बहुधा नसत. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरांत गेले. पण माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही खरी व्यक्ती होती, ते प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू होते आणि शिष्याने या गाण्यातून त्यांना मानवंदना दिली होती, हे किती जणांना ठाऊक असते? नाव अजरामर झाले, माणूस मागे राहिला.

८/ १९७८ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' सुरू झाली. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स पहिल्याच वर्षी तिथे वाजवून गेले. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हा परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि रंगभवनातल्या खुल्या मैफली थांबल्या. हार्बरच्या गाडीने सीएसएमटीला उतरून मी ते बंद फाटक पाहून आलो होतो. माझे ते वाक्य त्या फाटकापाशी सुचले होते.

९/ चूक तिथेच झाली. इमारतीच्या इतिहासाला मी संगीताचा इतिहास समजलो. हॉटेलातून स्टुडिओत, स्टुडिओतून तबकडीवर, तबकडीवरून वरातीच्या ब्रास बँडमध्ये आणि तिथून बेंजो पार्टीत, असा सुरांचा प्रवास मी लक्षातच घेतला नव्हता. बेंजो पार्टी म्हणजे जॅझ नव्हे. तसे म्हणणे दोन्ही परंपरांवर अन्याय ठरेल. पण धून जागच्या जागी फुलवून ठेक्यावर परतण्याचे ते धाडस जॅझच्या गाभ्याशी असते. आपल्याकडे त्याला उपज म्हणतात. म्हणूनच कदाचित ती इथे सहज रुजली.

१०/ जेवणाच्या पंगतीत मी त्या वादकाला गाठले. हे कुठे शिकलात, असे विचारल्यावर ते म्हणाले, "वडील ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. रेडिओ ऐकून ऐकून बसवायचे. मी त्यांचं ऐकून." चिक चॉकलेट हे नाव त्यांनी ऐकले नव्हते. मी मोठ्या उत्साहाने त्यांना वाझ, ताज, १९३५, सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या गाण्यासाठी उठले.

११/ घरी आल्यावर टिपणे लिहायला बसलो, तेव्हा लक्षात आले की मी त्यांचे नावच विचारले नव्हते. अनाम वादकांच्या उपेक्षेवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या मला! लग्नघरी फोन केला, बेंजो पार्टीच्या मालकाचा नंबर मिळवला आणि चौथ्या दिवशी त्यांच्याशी बोलणे झाले. आता वहीत त्यांचे नाव आहे, त्यांच्या वडिलांचे आहे आणि वडील ज्या बँडमध्ये वाजवत त्याचेही.

१२/ नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले येऊन गेले. त्याची नोंद जगभर झाली. आपल्या गल्लीतल्या वादकांची नोंद आपल्यालाच करावी लागेल. मित्रहो, पुढच्या हळदीत, वरातीत वा विसर्जनाच्या मिरवणुकीत व्हिडिओ अवश्य काढा. पण वाद्य खाली ठेवल्यावर त्या माणसाजवळ जाऊन नाव विचारा. इतिहासाचे काम तिथून सुरू होते.